पाण्याचे आकडे गुपित कशाला?

शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेचा विषय निघाला की बोलणे फार लवकर फाटकापाशी येऊन थांबते. जलशुद्धीकरण केंद्राभोवती उंच भिंत हवी, बंदूकधारी पहारा हवा, कॅमेरे हवेत, आणि मुख्य म्हणजे आतली माहिती बाहेर जाता कामा नये. धोका बाहेरच्या शत्रूकडून आहे, म्हणून पाण्याविषयी जितक्या कमी लोकांना कळेल तितके पाणी सुरक्षित, असा हा पक्ष आहे. तो मांडणारी माणसे अनेकदा प्रामाणिक असतात. तरीही हा पक्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पाणी पिणाऱ्यांनी मोजलेली आहे.

शत्रू काल्पनिक नाही, एवढे आधी मान्य करतो. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या मारूची परिसरात, नोकरी नाकारली गेलेल्या एका माजी कंत्राटी तंत्रज्ञाने रेडिओ संदेश सोडून मैलापाण्याचे पंप हवे तसे चालवले आणि सुमारे ८ लाख लिटर मैला उद्यानांत आणि ओढ्यांत वाहवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अलिक्विपा गावी पाण्याचा दाब सांभाळणारे एक उपकरण हॅकरांनी ताब्यात घेतले. तशा उपकरणांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड ११११ होता आणि अनेक ठिकाणी तो बदललेलाच नव्हता. अलिक्विपात धोक्याचा इशारा वाजला, कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालवायला घेतली आणि पाणी चालू राहिले.

फ्लोरिडातल्या ओल्ड्समारचे उदाहरण तर प्रत्येक भाषणात येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या केंद्रात संगणकाच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलला आणि कॉस्टिक सोड्याची मात्रा दशलक्ष भागांत १०० वरून ११,१०० वर गेली. ड्यूटीवरच्या माणसाने ती तत्काळ पूर्ववत केली. दोन वर्षांनी तिथल्याच एका माजी अधिकाऱ्याने सांगितले की हे बाहेरच्या हल्लेखोराचे काम नसून बहुधा कर्मचाऱ्याकडूनच झालेली चूक होती. हल्ला असो वा चूक, गाव वाचले ते पडद्यासमोर बसलेल्या आणि आकडा ओळखणाऱ्या माणसामुळे. भिंतीचा आणि बंदुकीचा तिथे काही संबंध आला नाही.

धरणात विष कालवले जाण्याची भीती तर साध्या हिशोबातही टिकत नाही. पुण्याच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे साडेपाच कोटी घनमीटरच्या वर. एवढ्या पाण्यात कोणताही पदार्थ लिटरमागे केवळ १ मिलिग्रॅम भरावा असे म्हटले तरी पन्नास टनांहून अधिक माल लागेल. रोगजंतूंना मात्र ट्रक लागत नाहीत. पोटात गेलेले थोडे जंतूही माणसाला आजारी पाडायला पुरतात, आणि ते कुंपणावरून उडी मारून येत नाहीत.

याच खडकवासल्याच्या खाली जानेवारी २०२५ मध्ये काय झाले ते पुणेकर विसरलेले नाहीत. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. हात-पाय लुळे पडत होते, काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला, मृत्यूही झाले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. नांदेडच्या ज्या विहिरीतून आसपासच्या वस्त्यांना पाणी जात होते तिथे गाळणी केंद्र नव्हते. धरणातून आलेल्या पाण्यात क्लोरीन मिसळायचे आणि ते पुढे सोडायचे, एवढीच प्रक्रिया. ही गावे महापालिकेत येऊन बराच काळ लोटला होता, आणि तरी त्यांच्यासाठी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले नव्हते. कोणत्या रुग्णाला संसर्ग नेमका कशातून झाला यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. पण जंतू मारण्याचा सगळा भार एकट्या क्लोरीनवर टाकलेला असताना त्या क्लोरीनचा नळातला रोजचा आकडा तिथल्या रहिवाशांसमोर नव्हता, याला मी सुरक्षेतली त्रुटी म्हणतो, आणि ती फाटकावरच्या ढिलाईपेक्षा मोठी आहे.

मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत जुलै २०२२ मध्ये कॉलरा पसरला आणि माणसे दगावली. थकलेल्या बिलामुळे पाणीयोजनेची वीज तोडली गेली होती, नळ बंद होते, आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. बिल वेळेत भरणे हे त्या गावांचे जलसंरक्षण होते. सुरक्षेच्या कोणत्या आराखड्यात ही ओळ असते?

मुंबईचेही पाहा. भांडुप संकुलातले जुने केंद्र एकटेच दिवसाला १,९१० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करते. आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे ते ठप्प झाले. रात्रभर कोसळलेल्या पावसाचे पाणी संकुलात शिरले, विद्युत यंत्रणा बंद करावी लागली, शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा खंडित झाला आणि मुंबईकरांना पाणी उकळून प्या असे सांगण्याची वेळ आली. संकुलाला संरक्षण होते, पण पुराला गेटपास लागत नाही. दर वर्षी येणाऱ्या पावसाला आपण सुरक्षेच्या यादीत घेत नाही आणि कधीमधी संभवणाऱ्या घुसखोराला यादीत पहिले मांडतो, हा प्राधान्यक्रम उलटा आहे.

आता गुप्ततेच्या पक्षाच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. आकडे जाहीर केले तर लोकांत घबराट पसरेल, एखाद्या दिवशी क्लोरीन कमी भरले तर गावभर अफवा उठतील, म्हणून खात्याने खात्यातच निस्तरावे, असे सांगितले जाते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टनमध्ये मे २००० मध्ये खात्यातच निस्तरण्याचा हा प्रयोग झाला. गावाची वस्ती जेमतेम पाच हजारांची. मुसळधार पावसाने शेणखतातले ई. कोलाय जंतू पाणीपुरवठ्याच्या एका विहिरीत उतरले. रोज क्लोरीन तपासून नोंद करायची, असा नियम होता. कर्मचारी न तपासताच वहीत आकडे लिहीत आणि हे वर्षानुवर्षे चालू होते. प्रयोगशाळेने नमुने दूषित असल्याचे कळवले ते पाणीपुरवठा चालवणाऱ्यांना. गावात मुले रक्ती हगवणीने आजारी पडू लागली तेव्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारणा केली, आणि त्यांना उत्तर मिळाले की पाणी ठीक आहे. आरोग्य विभागाने अखेर स्वतःच्या अंदाजावर पाणी उकळण्याचा इशारा दिला. सात माणसे मेली, २,३०० हून अधिक आजारी पडली, अनेकांची मूत्रपिंडे कायमची दुखावली. न्यायमूर्ती ओ'कॉनर यांच्या चौकशीने हे सगळे उघड्यावर आणले. त्यानंतर ओंटारिओच्या कायद्याने प्रयोगशाळेला बांधून घेतले: नमुना बिघडलेला निघाला की थेट आरोग्य अधिकाऱ्याला तत्काळ कळवायचे. दडवादडवीच्या त्या दिवसांत लोक तेच पाणी पीत राहिले, आजाऱ्यांनाही तेच पाजत राहिले.

इंग्लंडमधल्या कॅमलफर्डची हकीकत मला याहून बोलकी वाटते, कारण तिच्यात कुलूपही आहे. ६ जुलै १९८८ रोजी लोअरमूर केंद्रावर वीस टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घेऊन एक टँकर आला. हे आपल्याकडच्या तुरटीच्या जातीचे, गढूळपणा खाली बसवणारे रसायन. नेहमीचा चालक नव्हता, बदली होता. केंद्रावर माणूस नव्हता. चालकाला दिलेल्या किल्लीने फाटक उघडले आणि टाकीचे झाकणही उघडले. फक्त टाकी चुकली. रसायनाच्या साठवण टाकीऐवजी सगळा माल शुद्ध झालेल्या पाण्यात गेला आणि सुमारे वीस हजार ग्राहकांच्या नळांकडे निघाला. आम्लधर्मी झालेल्या पाण्याने नळांतले तांबे आणि शिसेही खरवडून सोबत घेतले. लोकांच्या तोंडात फोड आले, उलट्या झाल्या. पाणीपुरवठा प्राधिकरण सांगत राहिले की पाणी पिण्यायोग्य आहे. नेमके काय घडले ते जाहीर व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. या मौनाला एक पार्श्वभूमीही होती: देशातली पाणी प्राधिकरणे विकायला काढण्याची तयारी तेव्हा चालू होती आणि पुढच्याच वर्षी त्यांचे खासगीकरण झाले.

या घटनेत कोणीही घुसखोर नव्हता. किल्ली अधिकृत होती, माल मागवलेला होता, चालक कामावर होता. कमी पडला तो माल उतरवून घेणारा एक जाणकार माणूस, आणि चुकीच्या टाकीला बसणारच नाही असा वेगळा जोड. आणि पहिल्या चुकीनंतरचे बरेच नुकसान गुपिताने केले, कारण लोकांना वेळीच सांगितले असते तर त्यांनी नळ बंद ठेवला असता.

आमच्या केंद्रातून पाणी शुद्धच निघते, घाण तुमच्या सोसायटीच्या टाकीत आहे, हे उत्तर तर प्रत्येक शहरात ऐकायला मिळते. अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे ठरते. गाळणीतून निघालेले पाणी बहुधा चांगलेच असते. पण आपल्या बहुतेक शहरांत ते काही तासच सोडले जाते. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि शेजारून गेलेल्या फुटक्या ड्रेनेजमधला मैला जुन्या सांध्यांतून, भेगांतून आत ओढला जातो. पुन्हा पाणी सुटले की पहिला गढूळ लोट तो असतो. वाहिनीत सतत दाब असला की गळती बाहेरच्या दिशेने होते, आत काही येत नाही. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान नगराने चोवीस तास पाण्याची योजना करून दाखवली, ती चैनीची गोष्ट म्हणून मोजली जाते. माझ्या मते पाण्याचा चोवीस तास दाब ही पहारेकऱ्यांच्या कोणत्याही पलटणीपेक्षा खरी राखण आहे.

आणि घरोघरी आरओ बसवा, प्रश्न मिटला, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की पुण्यातल्या त्या साथीत परिसरातले खासगी आरओ पाणी विकणारे प्रकल्पही महापालिकेला सील करावे लागले, कारण त्यांचेही नमुने दूषित निघाले. ज्याच्या खोलीत नळच नाही त्याने यंत्र कुठे बसवायचे, हा प्रश्न वेगळाच.

मग गुप्त काहीच ठेवू नये काय? ठेवावे. व्हॉल्व्हचे नकाशे, संगणकाचे पासवर्ड, रसायनांच्या गाड्यांच्या वेळा, क्लोरीनच्या टाक्यांची जागा, हे जपलेच पाहिजे. क्लोरीन वायूची गळती काय करते ते शिवडीने जुलै २०१० मध्ये पाहिले आहे. बंदराच्या आवारात बेवारस पडलेल्या जुन्या सिलिंडरांतून वायू सुटला आणि शंभरावर लोकांना श्वासाचा त्रास झाला. अशा ठिकाणी पहारा हवाच. माझा वाद पाण्याच्या गुणवत्तेच्या आकड्यांपुरता आहे. नळातल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे, असे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते. आज अमुक वॉर्डात ते ०.३ होते आणि तमुक वस्तीत शून्य, हे कळल्याने कोणत्या हल्लेखोराचे काम सोपे होते? त्या वस्तीतली आई मात्र त्या दिवशी पाणी उकळते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेला बाधक माहितीचा अपवाद आहे, पण त्याच कलमात सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येईल असेही म्हटले आहे. आणि कलम ४ तर कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगते. क्लोरीनचा आकडा या अपवादात कोंबणे हा कायद्याचा विपर्यास आहे.

इथे कायद्याचीच एक उणीव आहे. बाटलीबंद पाण्याला अन्नसुरक्षा कायदा लागू होतो आणि ते विकणाऱ्यावर खटला भरता येतो. नळाच्या पाण्याला मानक आहे, पण ते पाळणे पुरवठा करणाऱ्या पालिकेवर कायद्याने सक्तीचे नाही. जे पाणी गरीब पितो ते ऐच्छिक मानकावर सोडून द्यायचे, हे मला लाजिरवाणे वाटते. ते सक्तीचे करा. तपासणारी प्रयोगशाळा पाणीपुरवठा विभागाच्या हाताखाली न ठेवता आरोग्य अधिकाऱ्याला थेट जबाबदार करा. रसायन उतरवताना दोन माणसांच्या सह्या असल्याशिवाय झाकण उघडू नये. मात्रा देणारा पंपच एवढा लहान बसवा की संगणकाने काहीही आज्ञा दिली तरी त्याला घातक मात्रा सोडता येणार नाही. आणि आकडा बिघडल्यास वरून परवानगीची वाट न पाहता पुरवठा थांबवण्याचा लेखी अधिकार पाळीवरच्या ऑपरेटरला द्या. आज बऱ्याच ठिकाणी तो माणूस कंत्राटी आहे आणि पाणी थांबवले तर आपली नोकरी जाईल या धास्तीत आहे. ज्याला थांबवण्याची भीती वाटते त्याच्या हाती शहर सुरक्षित राहू शकत नाही.

यासाठी पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. रोजच्या क्लोरीन तपासणीची साधी पेटी काही शे रुपयांत मिळते. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत जलसुरक्षक पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि क्लोरीन तपासायला ओटी टेस्ट घेतो. त्या चाचणीत नळाच्या पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन आहे हे शाळकरी मुलालाही दिसते. पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर गावांना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धतही राज्यात रुजलेली आहे. म्हणजे खेड्यात जी गोष्ट उघड्यावर चालते ती शहरात गोपनीय ठरते. शहरातही व्हॉल्व्हमन रोज प्रत्येक गल्लीत जातोच. त्याला ती पेटी द्या, त्या कामाचा मोबदला द्या, वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर त्याने तपासावे, आणि तो आकडा त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या दारावरच्या फळ्यावर तारीख-वेळेसह लिहावा. येत्या पावसाळ्याआधी एका तरी महापालिकेने हे सुरू करावे, आणि ज्या दिवशी फळ्यावर शून्य येईल त्या दिवशी ते शून्यच लिहावे.