कर्करोगाची रसद तोडताना...

३ मे १९९८ चा रविवार अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ सहजासहजी विसरणार नाहीत. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर एक बातमी छापली. बोस्टनमधील एका शल्यचिकित्सकाच्या प्रयोगशाळेत दोन प्रथिनांच्या साहाय्याने उंदरांमधील कर्करोगाच्या गाठी नाहीशा करण्यात यश आल्याचे त्या बातमीत म्हटले होते. हा माणूस दोन वर्षांत कर्करोग बरा करील, अशा आशयाचे विधान त्यात डीएनएच्या रचनेचे सहशोधक जेम्स वॉटसन यांच्या तोंडी होते. आपण तसे म्हटले नव्हते, असा खुलासा वॉटसन यांनी नंतर केला. पण तोवर बाण सुटला होता. ही प्रथिने विकसित करणाऱ्या ‘एंट्रेमेड’ या छोट्या कंपनीचा समभाग शुक्रवारी १२ डॉलरच्या आसपास होता. सोमवारी बाजार उघडताच तो ८५ डॉलरवर गेला. देशभरातील रुग्णालयांत रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या दूरध्वनींचा ओघ सुरू झाला.

ज्यांच्याभोवती हे सारे घडत होते, ते डॉ. ज्युडा फोकमन मात्र अस्वस्थ होते. तुम्हाला कर्करोग असेल आणि तुम्ही उंदीर असाल, तर आम्ही तुमची उत्तम काळजी घेऊ शकतो, एवढेच आपल्याला सांगता येईल, असे ते म्हणत.

या घटनेला आता दोन तपांहून अधिक काळ लोटला आहे. दोन वर्षांत काय, अद्यापही कर्करोगावर रामबाण उपाय सापडलेला नाही. फोकमन यांचेही २००८ मध्ये निधन झाले. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्या शोधाचा गाजावाजा झाला, त्यातून फारसे हाती लागले नाही. आणि ज्याची सामान्य वाचकाला वार्ताही नव्हती, त्या त्यांच्या प्रयोगशाळेतील एका कामाचा धागा आज मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत येऊन पोहोचला आहे.

नौदलातील प्रयोग

फोकमन यांचा जन्म १९३३ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे एका ज्यू धर्मगुरूंच्या घरी झाला. हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर १९६० च्या सुमारास त्यांना नौदलात सेवा करावी लागली. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या युद्धनौकांवर रक्त साठवून ठेवणे अवघड असल्याने, त्याला पर्याय ठरेल असा द्रव शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. या द्रवाची परीक्षा घेण्यासाठी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी तीत कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी तयार झाल्या, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे त्या वाढेनात. त्याच गाठी उंदराच्या शरीरात रोवताच मात्र झपाट्याने वाढू लागल्या.

पेशी त्याच असताना एका ठिकाणी त्या खुंटल्या आणि दुसऱ्या ठिकाणी फोफावल्या, याचे कारण काय असावे? काचेच्या भांड्यातील ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या तयार होत नव्हत्या, तर जिवंत उंदराच्या शरीरात त्या गाठीकडे धावत येत होत्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फोकमन यांनी आपला सिद्धांत मांडला. गाठ स्वतःच एक रासायनिक संदेश सोडते, त्यामुळे आसपासच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात आणि त्या गाठीला प्राणवायू व अन्न पुरवू लागतात. हा संदेश अडवला, तर गाठ टाचणीच्या टोकाएवढीच राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. किल्ल्याच्या तटावर तोफा डागण्याऐवजी त्याची रसद तोडण्याचाच हा विचार होता.

या रसदीला आणखी एक बाजू आहे. निरोगी पेशी आपली हद्द सोडत नाही. कर्करोगाची पेशी मात्र शेजारच्या ऊतींचे आवरण भेदून आत शिरते आणि रक्तवाहिनी सापडली, की तिच्यातून फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचते. कर्करोगाने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंना मूळ गाठीपेक्षा हा प्रसारच कारणीभूत असतो. रक्तवाहिनी अशा रीतीने गाठीचा अन्नमार्गही ठरते आणि तिच्या आक्रमणाचा रस्ताही. फोकमन यांचे काम महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

उपेक्षेची दोन दशके

बोस्टनच्या बालरुग्णालयात वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी प्रमुख शल्यचिकित्सक झालेल्या या माणसाचे म्हणणे त्या काळात फारसे कोणी मनावर घेतले नाही. गाठीभोवती दिसणाऱ्या रक्तवाहिन्या म्हणजे केवळ दाह आहे, असे मत तेव्हा रूढ होते. आपण बोलायला उभे राहिलो, की सभागृहातील श्रोते उठून जात, अशी आठवण फोकमन पुढे सांगत असत. १९७४ मध्ये ‘मोन्सँटो’ या रसायन कंपनीने हार्वर्डशी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरचा करार करून या संशोधनाला पैसा पुरवला, तेव्हा विद्यापीठाने उद्योगाशी असे नाते जोडावे काय, यावरही वाद झडला. १९८१ मध्ये त्यांनी प्रमुख शल्यचिकित्सकाचे पद सोडले आणि संशोधनाला वाहून घेतले.

तो रासायनिक संदेश अखेर सापडला. १९८४ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील मायकेल क्लॅग्सब्रन व युएन शिंग यांनी गाठीतून रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारे प्रथिन वेगळे केले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘जेनेन्टेक’ कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ या प्रथिनाची ओळख पटवली. पुढील बहुतेक औषधांचे लक्ष्य हेच प्रथिन ठरले. मायकेल ओ’रायली यांनी फोकमन यांच्या मार्गदर्शनाखाली अँजिओस्टॅटिन (१९९४) आणि एंडोस्टॅटिन (१९९७) ही रक्तवाहिन्या रोखणारी दोन प्रथिने शोधली. १९९८ ची ती बातमी याच दोन प्रथिनांविषयी होती.

आशा आणि हिशेब

माणसांवरील चाचण्यांत एंडोस्टॅटिन सुरक्षित ठरले, पण उंदरांत दिसलेला चमत्कार दिसला नाही. चीनने त्याच्या सुधारित रूपाला २००५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. अमेरिकेत ते मागे पडले. फोकमन यांच्या सिद्धांताला खरा आधार मिळाला तो फेब्रुवारी २००४ मध्ये. व्हीईजीएफला अडवणाऱ्या ‘बेव्हॅसिझुमॅब’ या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या ८१३ रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले.

वाढ होती पावणेपाच महिन्यांची. रुग्णाच्या घरच्यांसाठी ती थोडी नाही. पण १९९८ मध्ये दाखवलेल्या स्वप्नाशी तिची तुलना होऊ शकत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी २००८ मध्ये अमेरिकेत याच औषधाला दिलेली मान्यता, आयुष्य वाढल्याचा पुरावा न मिळाल्याने, २०११ मध्ये काढून घेण्यात आली. त्यातच २००९ मध्ये उंदरांवरील संशोधनातून एक अडचणीची बाब पुढे आली. रक्तपुरवठा तोडल्यावर काही गाठी आक्रसतात, पण उरलेल्या पेशी अधिक आक्रमकपणे आसपास घुसू लागतात. रसद तुटलेली फौज आजूबाजूची गावे लुटत सुटावी, तसाच हा प्रकार. फोकमन यांचा सिद्धांत चुकीचा नव्हता, परंतु कर्करोग त्या सिद्धांताहून अधिक गुंतागुंतीचा निघाला.

अनपेक्षित लाभ झाला तो नेत्ररुग्णांना. वार्धक्यात डोळ्याच्या पडद्यामागे फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांमुळे दृष्टी जाते. व्हीईजीएफ अडवणारी इंजेक्शने हा आज त्यावरील मुख्य उपचार आहे. कर्करोगासाठीचे बेव्हॅसिझुमॅब अत्यल्प मात्रेत वापरून भारतातही असंख्य रुग्णांची दृष्टी तुलनेने स्वस्तात वाचवली जाते.

बोस्टन ते परळ

फोकमन यांच्या प्रयोगशाळेतून २००० मध्ये आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. प्रचलित केमोथेरपीत रुग्णाला सोसेल तेवढी जास्तीत जास्त मात्रा देऊन नंतर तीन आठवड्यांची विश्रांती दिली जाते. टिमथी ब्राउडर व सहकाऱ्यांनी दाखवले, की या विश्रांतीच्या काळात गाठीच्या रक्तवाहिन्याही सावरतात. औषध थोड्या थोड्या अंतराने देत राहिल्यास त्यांना सावरायला उसंत मिळत नाही. उंदरांमध्ये त्या औषधाला दाद न देणाऱ्या गाठींची वाढदेखील या पद्धतीने रोखली गेली. तालमापकाच्या ठोक्यांप्रमाणे नियमित द्यावयाच्या या उपचाराला ‘मेट्रोनोमिक’ असे नाव पडले. त्यासाठी नवे रेणू नकोत, जुनी आणि स्वस्त औषधे चालतात. साहजिकच या कल्पनेने शेअर बाजारात खळबळ माजली नाही.

टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी मात्र ती गांभीर्याने घेतली. तंबाखूच्या व्यसनामुळे भारतीय पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे, आणि अनेक रुग्ण शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्यावर रुग्णालयाची पायरी चढतात. अशा ४२२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन देण्यात आले. दुसऱ्या गटाला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या घरी घेता येणाऱ्या गोळ्या. पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान ६.१ महिने, तर गोळ्यांच्या गटाचे ७.५ महिने आढळले. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे ३० व १९ टक्के रुग्णांत दिसले.

याच गटाने २०२३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. तीन गोळ्यांच्या मेट्रोनोमिक उपचाराला त्यांनी निव्होल्युमॅब या महागड्या प्रतिकारशक्तिवर्धक औषधाची जोड दिली, तीही प्रचलित मात्रेच्या एक दशांशाहून कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून केवळ २० मिलिग्रॅम. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के, तर ही जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के होते.

या यशाचे सारे श्रेय रक्तवाहिन्यांच्या सिद्धांताला देता येणार नाही. लहान मात्रेचा परिणाम प्रतिकारशक्तीवर आणि खुद्द कर्कपेशींवरही होतो, असे आता मानले जाते. हे रुग्ण बरे झाले, असेही नव्हे; त्यांना काही महिने अधिक मिळाले. पण परळच्या पदपथावर गाठोडे टाकून उपचारांची वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने, खाटेसाठी तिष्ठत बसणे आणि गोळ्या घेऊन गावी परतणे यांत महदंतर आहे.

बातमीपलीकडे

१४ जानेवारी २००८ रोजी, व्याख्यानासाठी प्रवासात असताना, डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराच्या झटक्याने फोकमन यांचे निधन झाले. ते ७४ वर्षांचे होते. १९७१ चा शोधनिबंध आणि त्यावर आधारलेले पहिले मान्यताप्राप्त कर्करोगविरोधी औषध यांत ३३ वर्षे गेली. दोन वर्षांचे आश्वासन आणि तेहतीस वर्षांचे वास्तव यांतील अंतर लक्षात ठेवण्याची जबाबदारी वृत्तपत्रांवरही आहे.

कर्करोगावर ‘क्रांतिकारी’ औषध सापडल्याच्या बातम्या आजही दर काही दिवसांनी झळकतात. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, गाठ लहान झाली की आयुष्य वाढले, वाढले तर किती महिन्यांनी आणि ते किती रुपयांत, एवढे प्रश्न विचारले तरी त्यांतील बहुतेक बातम्यांचा फुगा फुटेल. जी थोडी उत्तरे शिल्लक राहतील, त्यांच्यासाठी मात्र धीर धरायला हवा. फोकमन यांनी तो आयुष्यभर धरला. फळ कुठे लागले, ते पाहायला बोस्टनला जाण्याचे कारण नाही. परळचा बाह्यरुग्ण विभाग पुरेसा आहे.