कॅशबॅक नको, बँकेची हजेरी बघा

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आता दुकानात ‘सुट्टे नाहीत’इतकंच सवयीचं झालं आहे. पण डाउन कुणाचा सर्व्हर, हे कुणी विचारत नाही. यूपीआयच्या एका पेमेंटमागे निदान चार ठिकाणच्या यंत्रणा एकमेकींशी बोलतात: तुमच्या ॲपमागची बँक, तुमचं खातं असलेली बँक, मध्ये यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय आणि पलीकडे दुकानदाराची बँक. यातल्या एकीनं वेळेत उत्तर दिलं नाही की पेमेंट अडकलं. आपण मात्र ॲपला शिव्या देतो, दुसरं ॲप घेतो, त्याला तेच खातं जोडतो आणि पुन्हा अडकतो.

म्हणून माझं सांगणं आहे की रोजच्या व्यवहारासाठी बँक निवडताना तिची हजेरी बघा. हजेरीपुस्तक उघडंच असतं. एनपीसीआय आपल्या संकेतस्थळावर दर महिन्याला मोठ्या बँकांचे यूपीआयचे आकडे देते. त्यात ‘बीडी’ आणि ‘टीडी’ असे दोन रकाने असतात. बीडी म्हणजे पिन चुकला, शिल्लक नव्हती, मर्यादा ओलांडली. याचं खापर बँकेवर फोडू नका. टीडी म्हणजे यंत्रणाच कोलमडली. बघायचा तो हा आकडा. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो दोनशे व्यवहारांत एक होतो. दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं करणाऱ्या किराणावाल्याला रोज एक भांडण!

दुकानदारांनी पैसे घेणाऱ्या बँकांचा वेगळा तक्ता बघावा. त्यात ‘डीम्ड ॲप्रूव्ह्ड’ असा रकाना आहे. गिऱ्हाइकाचे पैसे कट झाले, पण तुमच्या खात्यात जमा झाल्याची पक्की खबर नाही, असे हे व्यवहार. साउंडबॉक्स गप्प आणि गिऱ्हाईक मोबाइल नाचवतंय, ही वेळ कुठून येते ते इथं कळतं.

एक मात्र आहे. हे आकडे महिन्याच्या सरासरीचे. बँक पहाटे तीनला टुणटुणीत असते. तुम्हाला ती संध्याकाळी सातला हवी. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या सहकारी बँका त्या यादीत सापडत नाहीत, आणि काही तर दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधारानं यूपीआयला जोडलेल्या असतात, म्हणजे मध्ये आणखी एक थांबा. तेव्हा गल्ल्याजवळ एक वही ठेवा. अडकलेल्या प्रत्येक पेमेंटची तारीख, वेळ, कुठल्या बँकेतून कुठल्या बँकेत आणि स्क्रीनवर काय आलं, एवढं लिहा. महिनाभरात चित्र दिसेल. 12 एप्रिल 2025 सारखा, देशभर यूपीआय रखडल्याचा दिवस हिशेबातून वगळा. त्यात तुमच्या एकट्या बँकेचा दोष नव्हता. त्या दिवशी ‘व्यवहाराचं काय झालं’ या चौकशांचाच पूर आला होता. पुढे ऑगस्ट 2025 पासून अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच आणि एका ॲपवर शिल्लक दिवसाला पन्नासदाच बघायची, अशी मर्यादा आली. बटण बडवून पैसे लवकर जात नाहीत.

वही एकाच बँकेकडे बोट दाखवत असेल, तर पगाराचं जुनं खातं मोडायची गरज नाही. दुसऱ्या बँकेत छोटं खातं काढा आणि ॲपला ते जोडा. चहा-भाजीच्या रकमांसाठी यूपीआय लाइट सुरू करा. ते पैसे देताना दर वेळी तुमच्या बँकेच्या मुख्य यंत्रणेचं दार ठोठावावं लागत नाही.

पैसे कट होऊन पलीकडे पोचलेच नाहीत तर किती दिवसांत परत यायला हवेत, हे रिझर्व्ह बँकेनं 2019 मध्येच ठरवून दिलं आहे. माणसाला पाठवले असतील तर व्यवहारानंतर एका दिवसात, दुकानात दिले असतील तर पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. तुमची बँक हे पाळते का, त्याचाही वहीत एक रकाना करा. शाखेत गेलात की ‘नेहमीच अडकतं हो’ म्हणू नका. वही उघडून 12 आकडी संदर्भ क्रमांक दाखवा आणि लेखी तक्रारीची पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.