चढ किती, कोन किती?

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या असतात. घरातल्या आजींसाठी चाकांची खुर्ची येते आणि त्या पायऱ्यांवर उतार घालण्यासाठी गवंड्याला बोलावले जाते. तो जागा पाहतो आणि दीड मीटरमध्ये उतार बसवून देतो. दिसायला काम छान! पण पहिल्याच दिवशी खुर्ची ढकलणाऱ्या सुनेला घाम फुटतो. उतरताना तर खुर्ची हातून सुटते की काय, अशी धास्ती वाटते.

हाच उतार आधी आलेख कागदावर काढला असता तर? शाळेच्या भूमितीतला ‘रेषेचा चढ’ इथे कामाला येतो. उताराचा पायथा हा आरंभबिंदू, म्हणजे (०, ०). एकेक पायरी १५ सेंटिमीटर उंच धरली, तर वरचे टोक (१५०, ४५). उंचीतला फरक भागिले आडव्या अंतरातला फरक, म्हणजे ४५ भागिले १५०. चढ आला ०.३. रेषा आडव्या अक्षाशी जो कोन करते, त्याचे ‘टॅन’ गुणोत्तर म्हणजेच हा चढ. टॅनच्या कोष्टकात ०.३ शोधले, की कोन मिळतो सुमारे १६.७ अंश.

मुळातल्या पायऱ्या ३० सेंटिमीटर रुंद असतील, तर त्यांचा चढ ०.५ आणि कोन २६.६ अंश. उतार आणि पायऱ्या यांच्यातला कोन हवा असेल, तर अंशांची वजाबाकी करावी. उत्तर ९.९. मुले घाईत चढांचीच वजाबाकी करतात आणि ०.२ वरून ११.३ अंश काढून मोकळी होतात. चढ आणि कोन एका मापाने वाढत नाहीत, हे विसरले की गुण गेलेच!

दुसरी चूक कागदावरची. आडव्या अक्षावर एका सेंटिमीटरला ३० आणि उभ्या अक्षावर १० असे प्रमाण घेतले, तर आपला १६.७ अंशांचा उतार कोनमापकाला चक्क ४२ अंशांचा दिसतो. कोनमापक लावायचे असेल, तर दोन्ही अक्षांचे प्रमाण एकच हवे.

मग उतार असावा तरी किती? सुगम्य इमारतींसाठी आपल्याकडे १:१२ हे प्रमाण सांगितले जाते. म्हणजे १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर अंतर. कोन जेमतेम ४.८ अंश. एवढासा कोन किरकोळ वाटेल, पण निलगिरीच्या डोंगरी रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ साधारण एवढाच आहे. कल्लार ते कुन्नूर चढताना तिच्या इंजिनाला रुळांमधल्या दातेरी पट्टीचा आधार घ्यावा लागतो. आपला बोरघाट तर १:३७ चा, म्हणजे दीड अंशाचा. तरीही तिथे जड गाड्यांना मागून जादा इंजिनांचा जोर लावावा लागतो. चाकांच्या खुर्चीमागे तर फक्त दोन हात असतात.

४५ सेंटिमीटर उंचीसाठी १:१२ प्रमाणे ५ मीटर ४० सेंटिमीटर जागा लागेल. दारासमोर तेवढी नसेल, तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवून घ्यावा. गवंड्याला मात्र अंश सांगत बसू नये. उंची आणि पायथ्याची लांबी सांगावी. त्याच्या पिशवीत टेप असते, कोनमापक नसते.