पाच मिनिटांत आलोच!

गेल्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर वेळ छापली होती सायंकाळी ५.३०. पडदा उघडला ६.४० ला. पाहुणे रिंगरोडच्या वाहतुकीत अडकले होते आणि रंगमंचामागे चौथीची मुले मावळ्यांच्या वेषात घामाघूम उभी होती. एका मावळ्याची मिशी तर दोनदा नव्याने चिकटवावी लागली. संयोजकांमध्ये आम्हीही होतो, म्हणून दोष दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. पत्रिका छापतानाच आम्ही मनात सहा धरले होते. पालकांनी सव्वासहा धरले, पाहुण्यांनी साडेसहा. छापलेली वेळ खरी मानली ती फक्त मुलांनी. ती बिचारी साडेचारलाच तोंड रंगवून बसली होती.

पुढच्याच आठवड्यात त्यांना निबंधाला विषय दिला होता ‘वेळेचे महत्त्व’!

आळस हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो. पण आपल्या वस्तीतली माणसे आळशी नाहीत. उधना, लिंबायत, पांडेसरा भागात मागावर बारा-बारा तासांची पाळी करणारे पालक आहेत, हिऱ्याच्या कारखान्यात मान मोडेपर्यंत घाटावर बसणारे आहेत, साडीला टिकल्या लावून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या आया आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावहून आपले वाडवडील इथे आले ते कष्ट करायलाच. अशा घरातल्या मुलाला ‘आळशी’ म्हणणे आम्हाला पटत नाही. वेळ जातो तो आळसात कमी आणि लहानसहान सवयींत जास्त, असे आमचे निरीक्षण आहे.

सवयी कोणत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. आईने हाक मारली की ‘पाच मिनिटांत आलोच’. गणिताचा तास सुरू झाला की कंपासपेटीत कोनमापक नाही. वही शोधायला दप्तर उपडे करायचे, त्यात मागच्या महिन्याची सूचना सापडते, ती वाचत बसायचे. अवघड धडा बाजूला ठेवून आधी मथळे रंगीत पेनाने सजवायचे, म्हणजे अभ्यास केल्याचे समाधान मिळते आणि अभ्यास तेवढा राहून जातो. मोठ्यांचेही वेगळे नाही. लाइट बिल हातात असते, पण भरायचे शेवटच्या तारखेला, रांगेत उभे राहून.

यात सर्वांत महागात पडते ते मधेच तुटणे. मागावर काम करणाऱ्या पालकांना हे समजावून सांगायला नको. साध्या मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला आणि कारागिराच्या वेळेवर लक्षात आले नाही, तर माग आपला खडखडत चालूच राहतो आणि कापडात दोष उमटत जातो. म्हणून चांगला कारागीर चार-सहा मागांमध्ये फिरताना नजर सगळीकडे ठेवतो आणि धागा तुटला की माग थांबवून आधी तो सांधतो. मुलाच्या अभ्यासाचा धागा संध्याकाळभरात किती वेळा तुटतो, हे घरातल्या मोठ्यांनी एक दिवस नुसते मोजून पाहावे. ‘जरा दूध घेऊन ये’, ‘दार उघड’, ‘आत्याचा फोन आहे, बोल’, आणि या सगळ्यांच्या वर तो मोबाइल. पुस्तक उघडे असते, मूल समोर असते, माग चालू असतो. कापड कसे निघाले ते मात्र निकालाच्या दिवशी कळते.

मोबाइलवर एक स्वतंत्र लेख लिहावा, असे काही पालकांनी सुचवले. आम्हाला त्यात थोडा संकोच वाटतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपणच मुलांच्या हातात फोन दिला आणि धडे त्यावर पाठवले. उसने पैसे काढून फोन घेतलेली घरे आम्हाला माहीत आहेत. आजही गृहपाठाची सूचना फोनवरच जाते. मग ‘फोनला हात लावू नकोस’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आमच्या मते शाळेने गृहपाठ फळ्यावर आणि वहीतच द्यावा. फोनवरची सूचना पालकांसाठी असावी, तीही ठराविक वेळी एकदाच. एवढे झाले तरी ‘गृहपाठ बघतोय’ या सबबीला जागा उरणार नाही.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण आपल्याकडे दरवर्षी १ ऑगस्टला दिले जाते, शेंगांची टरफले वगैरे. आम्हाला त्यांचे दुसरे एक चित्र जास्त उपयोगी वाटते. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, जेमतेम चार-पाच महिन्यांत, त्यांनी गीतारहस्याचा खर्डा लिहून काढला. सुटे कागद मिळत नसत, शाई मिळत नसे. पाने मोजलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल. विषयाचे चिंतन अनेक वर्षांचे होते, पण लेखन झाले ते या चार-पाच महिन्यांत. कोणी म्हणेल, तुरुंगात दार ठोठवायला येतो कोण? अगदी बरोबर. आम्हीही तेच म्हणतो आहोत. (मुलांना कोठडीत घालावे अशी आमची सूचना नाही, हे पालकांनी कृपया लक्षात घ्यावे.) एवढ्या मोठ्या बुद्धीलाही सलग वेळ आणि शांत जागा लागली, तर आपल्या दहावीच्या मुलाला ती का लागू नये?

आणि इथेच खरी अडचण आहे. आपल्या कित्येक मुलांचे घर म्हणजे एक खोली. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा तिथेच झोपतात. संध्याकाळी टीव्ही तिथेच, स्वयंपाक तिथेच, धाकट्या भावंडांची भांडणेही तिथेच. अशा घरातल्या मुलीला ‘एकाग्रतेने अभ्यास कर’ सांगणे सोपे आहे. सकाळी लवकर उठण्याचा सल्लाही आपण देतो, पण पहाटे दिवा लावला तर चार जणांची झोपमोड होते, याचा विचार करत नाही. सवय बदलायची तर नुसती इच्छाशक्ती पुरत नाही, व्यवस्थाही बदलावी लागते.

याचा पुरावा शोधायला सुरतकरांना लांब जायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेगची साथ आली तेव्हा काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. आपल्यापैकी अनेक कुटुंबे मिळेल त्या गाडीने खान्देशात गेली होती, वडीलधाऱ्यांना ते दिवस चांगले आठवतात. तेव्हा सगळे म्हणत, ‘सुरत घाणच राहणार, लोकांना सवयच तशी आहे.’ १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी लोकांना उपदेश करण्यापासून सुरुवात केली नाही. अधिकाऱ्यांनी सकाळी वातानुकूलित खोलीत न बसता आधी रस्त्यावर फिरायचे, पाहिलेल्या कामाचा हिशेब त्याच दिवशी द्यायचा, असा शिरस्ता घातला. शहराच्या सहा विभागांच्या अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे निर्णय घेण्याचे अधिकार दिले. मुख्य रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. कचरा टाकणाऱ्या हॉटेलांना दंड बसू लागले. दोनेक वर्षांत सुरतची गणना देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत, चंदीगडच्या खालोखाल, होऊ लागली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरत आणि इंदूर यांना पहिला क्रमांक विभागून मिळाला. माणसे तीच होती. आधी वरच्यांची सवय बदलली, मग कचरापेटी आणि झाडू वेळेवर येऊ लागले, आणि लोकांची सवय त्यांच्या मागून बदलली.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची विनंती अशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत रोज संध्याकाळी ७ ते ९ शाळेचे खालचे दोन वर्ग अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावेत. शिकवणी नको, भाषण नको. दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि दाराशी एक पेटी, जिच्यात आल्याबरोबर फोन ठेवायचा. मोठ्यांचेही फोन त्याच पेटीत. मुलींना घरी सोडण्याचा प्रश्न आहे, तो गल्लीवार पालकांनी वाटून घेतला तर सुटेल. विजेच्या खर्चाचा आक्षेप येईल. त्यावर आमचे म्हणणे, स्नेहसंमेलनाचा मंडप आणि पुष्पगुच्छ यांत थोडी काटकसर करावी.

दुसरी विनंती कार्यक्रमांबाबत. छापलेल्या वेळेला, समोर चार माणसे असली तरी, सुरुवात करावी. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर त्यांचा सत्कार मध्यंतरात करता येतो. पहिल्या वेळी थोडी नाराजी होईल, एखादे देणगीदार रुसतीलही. ती जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत.

मुलांनो, तुमच्यासाठी लांबलचक यादी करत नाही. आठवडाभर एवढेच करून बघा : दप्तर रात्री भरा, आणि अभ्यासाला बसलात की सर्वांत नकोसा विषय आधी उघडा, वीस मिनिटांपुरता. वीस मिनिटांनी कंटाळा आला तर खुशाल बंद करा. जमले नाही तर तसे येऊन सांगा, रागावणार नाही.

अभ्यासिकेचा विषय पालक-शिक्षक सभेच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. बैठक रविवारी सायंकाळी ५ वाजता आहे आणि ती ५ वाजताच सुरू होईल. दोन पालकांनी देखरेखीसाठी नावे दिली आहेत, आणखी चार हवीत. रात्री कुलूप लावून किल्ली कोणी सांभाळायची, तेही त्याच बैठकीत ठरवायचे आहे.