मोजल्याशिवाय कळत नाही

'डॉक्टर, काहीतरी करा हो!' अत्यवस्थ रुग्णाचे नातेवाईक हात जोडतात आणि डॉक्टर काहीतरी करतोच. तीसेक वर्षांपूर्वी, इंटर्नशिपच्या काळात, डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या रुग्णांना मी स्टेरॉइडची इंजेक्शने देत असे. त्याने मेंदूची सूज उतरते, अशी तेव्हा समजूत होती. रुग्ण वाचला की श्रेय इंजेक्शनला, दगावला की दोष नशिबाला!

या समजुतींना मोजपट्टी लावायला शिकवले ते सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. ते स्वतः डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना त्यांना क्षयाने गाठले आणि डॉक्टर होण्याचा बेत बारगळला. आजारपणात पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते संख्याशास्त्राकडे वळले. पुढे लंडनच्या 'स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन'मध्ये त्यांनी डॉक्टरांना हा विषय सोप्या भाषेत शिकवला.

स्ट्रेप्टोमायसिन नवे व दुर्मिळ होते, तेव्हा ते कोणाला द्यायचे हे हिल यांनी डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नाही; बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर सोपवले. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ क्षयरुग्णांपैकी ४ दगावले, तर नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४.

त्याच संस्थेने पुढे डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइडची अशीच परीक्षा घेतली. रुग्ण दहा हजारांवर! २००४ साली निकाल लागला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन मृत्यू जादा. एवढा फरक एकट्या डॉक्टरला जन्मभराच्या अनुभवातही दिसत नाही. मलाही दिसला नव्हता. ती इंजेक्शने आजही आठवतात.

म्हणून स्टेरॉइड सरसकट वाईट नव्हे. २०२० मध्ये कोविडच्या ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोनने वाचवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. हेही मोजूनच कळले.

आमच्या वेळी हा विषय आम्ही पास होण्यापुरता घोकला. तो रुग्णाच्या खाटेजवळ शिकवला पाहिजे. आणि वाचकहो, 'या औषधाची गरज नाही' असे डॉक्टर म्हणाले, तर ती हयगय समजू नका. कधीकधी काही न करण्यामागेही हजारो रुग्णांची मोजदाद उभी असते.