पोथी आणि कीर्तन

पोथीतली चूक खोडता येते. कीर्तनातली येत नाही. बुवांच्या तोंडून शब्द सुटला की सुटला! म्हणून तर पोथीची आपण पूजा करतो, पण गर्दी करतो ती कीर्तनाला.

हा भेद मला नव्याने जाणवला तो अगदी परमुलखात. लंडनमध्ये १९६८ साली गायक जॉन अँडरसन आणि बेस गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांनी 'यस' नावाचा वाद्यवृंद काढला. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात त्या संगीतातले हे मानाचे घराणे. तीन-चार मिनिटांच्या गाण्यावर या मंडळींची भूक भागेना. १९७२ च्या 'क्लोज टु द एज' या तबकडीची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापलेली आहे. ती चालते जवळजवळ एकोणीस मिनिटे! हेर्मान हेसेच्या 'सिद्धार्थ' कादंबरीचा तिच्यावर संस्कार आहे.

कॉलेजात असताना ती मी पुष्कळ ऐकली. पुढे नोकरी, संसार आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांत ते नाव मागे पडले. यंदा ते पुन्हा भेटले 'यससाँग्ज'मुळे. ही १९७३ सालची तीन तबकड्यांची जुडी म्हणजे या मंडळींच्या जाहीर कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण.

गंमत अशी, की ती लांबलचक रचना मुळात स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी वाजवून, फिती कापून आणि जोडून सिद्ध झालेली. ती सलग वाजवण्याची पाळी आली ती नंतर, लोकांसमोर. आणि नेमका त्याच वेळी ड्रम वाजवणारा बिल ब्रुफर्ड मंडळी सोडून 'किंग क्रिमसन'मध्ये गेला! त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला, तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला उरले होते जेमतेम तीन दिवस. आपल्याकडे तीन दिवसांत लग्नाला कार्यालयसुद्धा मिळत नाही. या गृहस्थाने तेवढ्यात मात्रा मोजताना भल्याभल्यांची बोटे अडखळावीत अशा रचना आत्मसात केल्या.

जुडीतल्या बहुतेक रचनांत ड्रमवर हाच व्हाइट आहे. आरंभी स्ट्राव्हिन्स्कीच्या 'फायरबर्ड'चा शेवटचा भाग ऐकू येतो. तो ओसरतो न ओसरतो तोच मंडळी तुटून पडतात. आवाज काहीसा गढूळ आहे, मध्येच श्रोत्यांचा कल्लोळ उठतो. स्टीव्ह हाऊची गिटार झेप घेते, रिक वेकमन त्याला कीबोर्डवरून उत्तर देतो, आणि खाली स्क्वायर आणि व्हाइट एकमेकांचा हात घट्ट धरून कड्यावरून चाललेले असतात. आता पाय घसरणार, असे वाटते, घसरत नाही. आमच्या घरी मात्र "यांची भैरवी कधी?" असा प्रश्न दोनदा आला.

१९७६-७७ च्या सुमारास पंकवाल्या तरुणांनी या संगीताला पंडिती आणि फुगलेले म्हणून हिणवले. पांडित्य आहे, नाही कशाला म्हणू? पण इथे त्या पांडित्याला घाम फुटलेला ऐकू येतो.

स्क्वायर २०१५ साली गेला, व्हाइट २०२२ साली. स्टुडिओतली ती पोथी निर्दोष आहे आणि तशीच राहील. पण ही हाडामांसाची माणसे होती आणि एका रात्री जीव मुठीत धरून वाजवत होती, याची साक्ष काढायची तर गढूळ आवाजाच्या या तीन तबकड्यांकडेच यावे लागते.