पिशवी काढली, तरी दुखणे का राहिले?



आपल्या या अंकात लागणीचे अंतर, खताचे डोस आणि उचलीचे हिशेब आपण नेहमीच वाचतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय पोटाचा आहे. त्यात मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखाच एक सभासद. पण चूक करून शिकलेला आहे, म्हणून लिहायचे धाडस करतो.

गट ऑफिसपुढे बिलाच्या चौकशीला दहा-बारा माणसे जमली की त्यात एखाद्याच्या घरी तरी पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन झालेले निघते. दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया आपल्या देशात प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केली. आज ती तालुक्याच्या गावीसुद्धा होते. पोटावर तीन-चार बारीक छेद, आणि दोन-तीन दिवसांत माणूस घरी. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही.

पण त्याबरोबर एक समज घट्ट बसला : पिशवी गेली की दुखणे गेले. बहुतेकांचे जातेही. काहींचे मात्र जात नाही. निरनिराळ्या पाहण्यांत आकडे कमी-जास्त आहेत, तरी दहातल्या एकाला तरी काही ना काही तक्रार मागे राहते असे धरून चालावे. या दहाव्या माणसाचे घरात कोणी ऐकत नाही. माझे सांगणे त्याच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्याच्या घरच्यांसाठी आहे.

आमच्या घरात हे ऑपरेशन आषाढात झाले. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखला. पोट फुगवायला आत वायू भरतात, त्याचा हा परिणाम, आपोआप जाईल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तसा तो गेला. दीड-दोन महिने बरे गेले. गणपती झाले आणि उजव्या बरगडीखाली पुन्हा कळ यायला लागली. जेवल्यावर तासाभराने उठायची, पार पाठीत जायची. ती म्हणाली, "अहो, हे तेच दुखणं हाय."

मी म्हणालो, "अगं, पिशवी बाटलीत घालून दाखवली की डॉक्टरनं! नसलेली वस्तू दुखंल कशी?"

घरातली सगळी हसली. मग तिने सांगायचेच सोडले. जास्त झाले की गावातल्या दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन घेऊन यायची. कार्तिकात आमची तोड आली. टोळी फडात, ट्रॅक्टर बांधावर. मी म्हणालो, "एवढा फड निघू दे, मग दाखवू." पोटाला पदर आवळून ती टोळीला चहा करत राहिली. फड निघाला, खोडव्याला पहिले पाणी दिले, आणि त्याच आठवड्यात तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. थंडी वाजून ताप भरला. रात्रीच गाडी करून शहरात नेले.

मुख्य पित्तनळीत खडा अडकला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला, पुन्हा पोटावर छेद घ्यावा लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "मामा, आणखी दोन दिवस थांबला असता तर अवघड होतं." त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून एकच गोष्ट मनात येत होती. गोठ्यातला बैल लंगडला तर मी त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. घरातल्या माणसाला मात्र मी फड निघेपर्यंत थांबवले.

आता हे होते कसे, ते आपल्या भाषेत सांगतो. पित्त पिशवीत तयार होत नाही. ते यकृतात तयार होते, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. पिशवी म्हणजे विहिरीवरचा हौद. तेला-तुपाचे जेवण पोटात गेले की हौद आवळतो आणि पित्त सोडतो. हौद पाडला तरी विहिरीचे पाणी येतच राहते, ते थेंब-थेंब सरळ आतड्यात उतरते. म्हणून पिशवीवाचून माणूस चांगला जगतो. पण हौद पाडायच्या आधीच एखादा खडा पाइपात उतरला असेल, तर तो तिथेच राहतो. कधी नळी आकसते, कधी ऑपरेशननंतरच्या दिवसांत पित्त आत झिरपते. ही कारणे थोड्यांच्या वाट्याला येतात, पण ती वेळ न घालवता शोधावी लागतात.

पुष्कळांचे कारण साधे असते. पोट गच्च होणे, तेलकट खाल्ल्यावर शौचाला पळावे लागणे, हे काही आठवड्यांत कमी होत जाते. थोडे-थोडे चार वेळा खावे. जत्रेतला तर्रीचा रस्सा आणि भजी काही दिवस लांब ठेवावीत. भाकरी, वरण-भात, ताक यांवर यावे आणि मग सोसेल तसे वाढवावे. जन्मभर पथ्य लागतेच असे नाही. पातळ शौच महिनोन् महिने थांबत नसेल तर पित्त बांधून ठेवणारे औषध मिळते, ते डॉक्टरांना विचारावे. जखमेजवळच टोचत असेल किंवा खोकताना तिथे फुगवटा दिसत असेल तर तेही दाखवावे. जड ओझे डॉक्टर मोकळीक देईपर्यंत उचलू नये, मग पाण्याची पाळी असो नाहीतर खताची पोती असोत.

आणखी एक कारण आहे, ते ऐकायला कडू लागेल. काही वेळा मूळ दुखणे पिशवीचे नसतेच. पुष्कळांच्या पिशवीत खडे मुकाट पडून असतात. पोट दुखते आम्लपित्ताने, अल्सरने, आतड्याने किंवा मुतखड्याने, आणि सोनोग्राफीत खडे दिसले की आळ त्यांच्यावर जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारावे, "माझं दुखणं नक्की खड्याचंच काय?" असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

आपण दोन प्रकारे चुकतो. एक तर 'मनाचं दुखणं' म्हणून झटकतो, आणि बाईमाणूस असेल तर फारच लवकर. नाहीतर या दारातून त्या दारात हिंडतो, अंगारा, काढा आणि दुखण्याच्या सुया घेत. अशा सुया आणि गोळ्या वारंवार घेतल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि खरे दुखणे झाकले जाते. माझे मत असे की ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडेच प्रथम परत जावे. घरी सोडतानाचे कार्ड, सोनोग्राफी आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा कागद बरोबर न्यावा. ऊसबिलाच्या पावत्या आपण वर्षानुवर्षे जपतो, हे कागदही तसेच जपावेत. वहीत आठ-पंधरा दिवस लिहावे : कधी दुखले, काय खाल्ले होते, किती वेळ, कुठे. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफीवर पुष्कळ कळते. गरज लागली तर पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील.

मात्र डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, थंडी वाजून ताप, थांबत नाही अशी उलटी किंवा वाढतच जाणारी कळ, यातले एकही दिसले तर वहीही नको आणि वाटही नको. त्याच दिवशी मोठा दवाखाना. छातीत दडपण येऊन घाम फुटला तरीही तसेच, ते हृदयाचे असू शकते.

काहींच्या सगळ्या तपासण्या चांगल्या येतात आणि तरी दुखते. ते खोटे नसते. आतड्याच्या आणि नळीच्या तोंडाच्या तक्रारी कागदावर दिसत नाहीत. त्यांना औषध, बेताचे जेवण, झोप आणि घरच्यांचा धीर लागतो. पुन्हा पोट उघडायची घाई मात्र करू नये.

आमच्या घरात आता बरे आहे. औंदा तोड आली तेव्हा टोळीचा चहा मी केला. चहा बिघडला, पण कुणी हसले नाही. फड चार दिवस उशिरा निघाला तर वजनात थोडी घट येईल, ती पुढच्या लागणीला भरून काढता येते. घरात कुणी "दुखतंय" म्हणाले, तर एवढे ऐकून घ्या, ही विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद